रेघमामा

मामांनी कागदावर धड चार ओळी लिहिलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. हजेरीपटावर सही करतानासुद्धा त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणी त्यांच्याकडून शेत लिहून घेतंय. ते लिहायचे माणसांच्या अंगावर. नडगीवर, पोटरीवर, दंडावर, एकदा तर एका म्हाताऱ्याच्या टकलावर. जखमेभोवती जिथवर लाली पसरली असेल तिथवर कडेकडेनं ते काळी रेघ ओढायचे, रेघेशेजारी किती वाजले ते टाकायचे आणि नातेवाइकाला दटावून सांगायचे, "लाली ह्या रेघंच्या भाईर आली की मला हाक मारा. मॅडमला नगं, मला. मॅडमला लई कामं हायेत." मॅडम म्हणजे मी.

चौसाळ्याहून नांदूरघाटकडे जाताना मध्ये एका फाट्यावर आमचा लहानसा सरकारी दवाखाना. मामा तिथले ड्रेसर, म्हणजे जखमा धुणारे, पट्ट्या बांधणारे. सरकारी दवाखान्यात पुरुष कर्मचारी सगळे मामाच असतात आणि बायका मावशी, पण आमच्याकडे कुणी "मामा" अशी हाक मारली की बाकीचे मामा मान वरसुद्धा करायचे नाहीत. आसपासच्या गावांनी त्यांचं नाव रेघमामा पाडलं होतं. रेघ ओढायचं पेनही खास. पोलिओच्या रविवारी पोरांच्या करंगळीला खूण करतात ना, ते जाड टोकाचं पेन. साधं बॉलपेन घामट कातडीवर चालत नाही, असा त्यांचा अनुभव. पोलिओचा रविवार संपला की सिस्टरच्या मागे लागून ते उरलेली पेनं गोळा करायचे आणि औषधांच्या कपाटात सलाइनच्या बाटल्यांमागे दडवून ठेवायचे.

मामांना जाऊन तीन वर्षं होऊन गेली. त्यांच्या बायकोनं पायाला बिबा लावला आणि त्या बिब्यानं ते गेले, असं त्यांची सगळी वाडी म्हणत होती. वाडी म्हणते म्हणून मामीही तेच मनात धरून बसल्या होत्या. ते खरं नव्हतं. खरं काय ते मामांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. जाण्याआधी त्यांनी मला सांगितलं होतं, की तिला तेवढं सांगा. वाडी दवाखान्यापासून बारा किलोमीटर. तो निरोप मी तीन वर्षं पोचवला नाही. हे लिहायला बसले ती त्यासाठीच, पण आधी मामांबद्दल सांगते. तेवढा मान त्यांना द्यायला हवा.

मी आले ती बाँडची डॉक्टर म्हणून. सरकारी कॉलेजात शिकलीस तर खेड्यात नोकरी करून फेड, असा तो करार. तो संपल्यावरही मी तिथेच राहिले. पण तेव्हा नव्याची नवलाई होती. स्टेथोस्कोप जेवतानासुद्धा गळ्यात असायचा. मामांनी पहिल्या दिवशी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "जेवनाचं काय केलंय?" काहीच केलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या डब्यात दोन भाकरी जास्त येऊ लागल्या. मामींचं तोंड पाहण्याआधी मी त्यांचं मीठ खाल्लं होतं.

मामांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे ते पेशंटवर आधी चिडायचे. "कावून उशीर केला? कोन मंत्री यायचा हुता का घरी?" असं म्हणत म्हणत हात मात्र जखमेवर असा फिरायचा, की पेशंटला शिव्या कळायच्या, हात कळायचा नाही. ज्याच्यावर ते चिडले नाहीत त्याची मला काळजी वाटायची.

पहिल्याच उन्हाळ्यातली गोष्ट. कारखान्यावरून ऊसतोडीच्या टोळ्या परतत होत्या. एक गडी मांजरसुंब्याला ट्रकमधून उतरला, तो गावी जायच्याऐवजी रिक्षात घालून आमच्याकडेच आणला. उसाच्या पाचटानं नडगीला ओरखडा उठला होता. भोवती तळहाताएवढी लाली. आणि ओरडत असा होता, की शेजारच्या खोलीतली बाळंतीण घाबरून उठून बसली. मी म्हटलं, "एवढ्याशा ओरखड्याला एवढा कांगावा?" मामांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, दिसतंय किती ते बघू नका. दुकतंय किती ते बघा. ज्याचं जळतं त्याला कळतं." त्यांनी रेघ ओढली आणि अकरा वाजले असं लिहिलं. बारा वाजता लाली रेघेच्या दोन बोटं पुढे होती. साडेबाराला त्याला ॲम्ब्युलन्समध्ये घालून बीडला पाठवला. तिथे पाय उघडून आतलं कुजलेलं सगळं कापून काढलं. दिवाळीच्या सुमारास तो लंगडत, पण आपल्या दोन्ही पायांवर आला आणि मामांच्या पायाशी गुळाची ढेप ठेवून गेला. मामांनी ती ढेप सगळ्या स्टाफला वाटली आणि वर म्हणाले, "दर येळंला रेघंवरनं येवढं लवकर कळतं असं न्हाई."

हे असं का होतं, हा प्रश्न मला मामांनीच विचारला. परीक्षेत विचारला होता तेव्हा मी पाठ केलेलं लिहून आले होते. मामा म्हणाले, "जंतू पायात. मग बीपी कावून पडतं? डोकं कावून फिरतं? जंतू काय एसटीनं फिरतेत का?" मग मी त्यांना समजावलं. या दुखण्यात जंतूपेक्षा त्याचं विष वाईट. हे जंतू कातडीखालच्या पातळ पडद्यावरून पसरत जातात, म्हणून वर दिसतं थोडं आणि आत असतं फार. त्यांचं विष तिथलं मांस तर कुजवतंच, शिवाय रक्तात उतरतं. आपल्या रक्तात लढणाऱ्या पेशी असतात. एरवी ज्या पेशीला शत्रूची ओळख पटते तीच उठते, त्यामुळे मोजक्याच उठतात. हे विष ओळखपाळख न बघता सरसकट पेशींना उठवतं. त्या एकमेकींना इतके निरोप धाडतात, की अंगभरच्या रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, बीपी पडतं, लघवी बंद होते. माणूस जंतूनं मरतो त्याहून जास्त स्वतःच्या फौजेनं मरतो.

मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी आमच्या वाडीत चोराची आवई उठलती तसं. चोर कुनीच बघितला न्हाई. पर कुनीतरी वरडलं अन् समदी वाडी काठ्या घिऊन भाईर. आंधारात ज्येला त्येला बडिवलं. चोर ऱ्हायला बाजूला, सरपंचाच्या साडूचा हात मोडला." मी हसले. पण त्यानंतर ज्या ज्या नव्या डॉक्टरला मी हे शिकवलं त्याला सरपंचाच्या साडूवरूनच शिकवलं. मामांचा पुढचा प्रश्न त्याहून नेमका होता. "मग आवई उठविनाराचं तोंड कोन बांदतं?" मी सांगितलं, की म्हणूनच आपण दोन औषधं देतो. एक जंतूला मारतं, आणि क्लिंडामायसिन जंतूला विष तयार करू देत नाही. त्या दिवसापासून मामांच्या बोलण्यात क्लिंडामायसिनचं नाव 'तोंडबांध्या' झालं. "मॅडम, तोंडबांध्या लावू का?" असं ते भर ओपीडीत विचारायचे. कपाटात त्याच्या बाटल्या कमी झाल्या, की माझ्याकडून मागणीपत्र लिहून घेतल्याशिवाय घरी जायचे नाहीत.

अंगावर काळी रेघ ओढून घ्यायला सगळेच तयार असत असं नाही. एका आजीनं पाय आखडून घेतला. काळी रेघ अंगावर म्हणजे अपशकुन. मामांनी हुज्जत घातली नाही. आजीच्या हातावर, कपाळावर जुनं गोंदण होतं. मामा म्हणाले, "माय, रेघ कुठं ओढतुया? पायाला गोंदाया नगं का? म्हातारपनी गडी मानूस गोंदतुया, एवढं मान्य करून घे." आणि लालीच्या कडेनं त्यांनी पानापानांची वेल काढली. आजी घरी जाताना म्हणाली, रंग जरा पक्का घाल, लगेच उडाया नको.

पुढाऱ्यांनाही तीच रेघ. एका मोठ्या घराण्यातल्या पुतण्याच्या हाताला गळू झालं होतं. सोबत तीन गाड्या भरून कार्यकर्ते. आमच्या पेशंटला आधी बघा, म्हणून दारात दंगा. मामांनी पुतण्याच्या मनगटाभोवती रेघ ओढली, घड्याळ बघून वेळ टाकली आणि म्हणाले, "साहेब, बसा बाकड्यावर. रेघंच्या भाईर आली तर मी सोता पळत येतो. न्हाई आली तर तुमच्या आदी ती बाई हाय." लाली बाहेर आली नाही. पुतण्या दीड तास बसला. पुढे तो मामांना दर वर्षी कॅलेंडर पाठवायचा.

त्यांचं आणखी एक बोलणं मला आठवतं, आणि ते आठवलं की बाकीची सगळी मागे पडतात. "रडनारा बरा, मॅडम. गप झालेला वाईट." एका मेंढपाळाचा पाय असाच सुजला होता. दोन दिवस तो विव्हळला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, आता दुखत नाही. पोरं खूश झाली, घरी न्यायला निघाली. मामा दारात आडवे उभे राहिले. विष इतकं आत गेलं होतं, की दुखणं कळवणाऱ्या शिराच मेल्या होत्या. मामांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. जखमा धुता धुता ते त्यांच्या हाताला कळलं होतं.

मामी म्हणजे त्यांच्या वाडीची काट्याची डॉक्टरीण. पायात काटा मोडला, की आमच्याकडे बिबा घालतात. दाभणाच्या टोकाला बिबा टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटायला लागलं की काट्याच्या जागेवर चटका द्यायचा. कुणाकुणाच्या कातडीला बिबा सोसत नाही. फोड येतात, सूज येते, लाल होतं. त्याला बिबा उतला म्हणतात. मामींचा हात हलका, त्यांच्या हातचा बिबा सहसा उतत नसे, अशी ख्याती. तीन-तीन वाड्यांहून माणसं येत. दवाखान्यात नोकरीला असून मामांना याची लाज नव्हती, उलट तोरा होता. "काटा आला की तिच्याकडं, लाली आली की माज्याकडं. दवाखाना म्हंजी आमच्या घरचंच काम हाय," असं ते म्हणायचे.

तो सोमवार होता. ओपीडी तुडुंब भरली होती. मामा दुपारी लंगडत आत आले. आदल्या दिवशी बांधावरची बाभूळ तोडताना पायात काटा मोडला होता. मामींनी बिबा घातला. रात्रीतून फोड आले. "उतला, मॅडम. तिचा हात उगंच बदनाम व्हायचा. माजी कातडीच ल्हानपनापसून बिब्याला नाजूक हाय." मी पाय पाहिला. टाचेशी फोड, घोट्यापर्यंत लाली, सूज. अंग थोडं गरम. विचारलं, "फार दुखतंय का?" म्हणाले, "दुकतंय की. बिबा हाय त्यो, गुलाबपानी न्हाई." दोघंही हसलो. हसताना त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. ते मला दिसलं होतं. आज दिसतं तितकंच स्पष्ट तेव्हाही दिसलं होतं.

बिबा उतल्यावर जे देतात ते मी दिलं. सूज दाबणारं डेक्साचं इंजेक्शन, ॲलर्जीची गोळी, दुखण्याची गोळी. घरी जाऊन पडा म्हटलं. मामांचं पेन त्यांच्या खिशात होतं. माझ्या टेबलावर दुसरं होतं. रेघ त्यांनीही ओढली नाही आणि मीही नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. फोड का आले याचं कारण आयतं समोर होतं, घरचं होतं, ओळखीचं होतं, आणि आयतं कारण मिळाल्यावर आम्ही दोघांनीही पुढे शोधलं नाही. दुसऱ्याच्या पायावर तोच फोड आला असता, तर मामांनी मला डेक्साची बाटली उघडू दिली नसती.

मंगळवारी सकाळी त्यांचा फोन आला. "लई आराम हाय, मॅडम. भाकर खाल्ली." मला बरं वाटलं. डेक्सानं एक दिवस ताप दाबला होता, अंगाला खोटं बळ दिलं होतं. त्या एका दिवसात आत काय चाललं होतं, ते मला बुधवारी दुपारी कळलं.

शेजाऱ्याच्या पिकअपमधून मामी त्यांना घेऊन आल्या. ज्या खाटेवर ते बाकीच्यांचे पाय धुवायचे तिच्यावरच त्यांना निजवलं. छातीवर, तळहातांवर उन्हानं भाजल्यासारखी लाली होती. पायाचे फोड जांभळेकाळे झाले होते आणि सूज गुडघ्याच्या वर गेली होती. नाडी लागत नव्हती म्हणावं इतकी बारीक. मामा शुद्धीवर होते. त्यांनी मामींना पाणी आणायला बाहेर पाठवलं. पाण्याचा तांब्या शेजारी भरलेला होता. मग मला म्हणाले, "दाबा." मी घोट्याच्या वर दाबलं. जोरानं दाबलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"दुकत न्हाई, मॅडम."

मी हात काढून घेतला.

"बिबा न्हाई ह्यो."

"नाही, मामा."

"तोंडबांध्या लावा." मी लावला. दोन्ही हातांना सलाइन लावली. सिस्टरनं बाटली धरली. मामांना धाप लागत होती, पण बोलायचं थांबले नाहीत. "तिला सांगा. बिब्यानं न्हाई झालं म्हनावं. तुमी डाक्टर हाव, तुमचं ऐकंल. न्हाई तर ती जलमभर आपलाच हात चावत बसंल." मी हो म्हटलं. सोमवारबद्दल ते काही बोलले नाहीत. तुम्ही पाय पाहिला होता ना, असं एकदा जरी म्हणाले असते, तर मला ते आजपेक्षा हलकं गेलं असतं.

मी ॲम्ब्युलन्समध्ये सोबत गेले. चौसाळा गेलं, आणि मांजरसुंब्याच्या चौकात ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली. मामांनी डोळे उघडले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चल की बे, कावून थांबला?" ते मी ऐकलेलं त्यांचं शेवटचं वाक्य. बीडला त्यांना तातडीनं आत घेतलं, पाय मांडीपर्यंत उघडला. तिथल्या डॉक्टरांनी जे करता येतं ते सगळं केलं. पण विष अंगभर गेलेलं होतं, आवई उठून गेली होती. शुक्रवारी पहाटे ते गेले. पुढे तपासणीचा कागद आला, त्यावर जंतूचं नाव होतं. मला ते वाचायची गरज नव्हती.

दहाव्याला मी वाडीवर गेले. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. उजवा हात पदराखाली. बायका कुजबुजत होत्या, आणि कुजबूज मला ऐकू येईल एवढी मोठी होती. घरचाच बिबा उतला, काय करता. मामींनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, बिब्यानंच झालं का हो?" सांगायची हीच वेळ होती. बिब्यानं नाही म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, की मग कशानं, आणि ते सोमवारी तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही काय पाहिलं. मी मामींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मामी, आता त्याचा विचार करू नका." किती सभ्य वाक्य! त्याचा जो अर्थ होतो तोच त्यांनी घेतला. डॉक्टरनंही नाही म्हटलं नाही.

नंतरची तीन वर्षं मी चांगली डॉक्टर होते. येईल त्या लालीभोवती रेघ ओढत होते. मामांचं बोलणं सगळ्यांना शिकवत होते. मामांच्या जागी आलेल्या ड्रेसरला मी इतक्यांदा मामांच्या गोष्टी सांगितल्या, की तो बिचारा कंटाळला असेल. नांदूरघाटच्या बाजारात वाडीची माणसं दिसली की मात्र मी दुसऱ्या बाजूनं जायचे. निरोप सांगायला आज जाऊ, उद्या जाऊ असं करता करता इतके दिवस झाले होते, की आता उशीर का झाला हेही सांगावं लागणार होतं. दर महिन्याला ते अवघड होत गेलं.

मग गेल्या हिवाळ्यात मामांची सून दवाखान्यात आली. तुरीच्या रानात पायात काटा मोडला होता. तो काढता काढता मी सहज म्हणून गेले, "घरात सासूबाई असताना एवढ्याशासाठी इथवर?" ती म्हणाली, "आत्याबाई कुनालाच हात लावत न्हाईत आता. दाभन हिरीत टाकलं. माजं बाळ झालं तवा तेल बी लावलं न्हाई त्येला. म्हनत्यात, माज्या हातात इख हाय."

इख म्हणजे विष. ज्या विषाबद्दल मी इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवत होते ते मी एका बाईच्या हातात नेऊन ठेवलं होतं. त्या दिवशी घरी जाऊन मी पोटभर रडले, आणि पुढच्या रविवारी सकाळी वाडीवर गेले.

मामी अंगणात सुपात ज्वारी पाखडत होत्या. मी जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. काटा, काट्यातून आत गेलेले जंतू, त्यांचं विष. बिब्याचे फोड आणि त्या दुखण्याचे फोड सारखेच दिसतात, म्हणून मी फसले. मी दिलेल्या इंजेक्शनानं सूज दबली आणि एक दिवस वाया गेला. मामांनी दिलेला निरोपही सांगितला, त्यांच्याच शब्दांत. मामींनी सूप खाली ठेवलं होतं.

"त्या सोमवारी वळखलं असतं तर वाचले असते?"

"नक्की सांगता येत नाही, मामी. पण वाचायची आशा होती. ती माझ्यामुळे गेली."

"दहाव्याला आलतात, तवा तुमाला ठावं हुतं."

"हो."

मामींनी सुपातली ज्वारी हातानं सारखी केली. मग म्हणाल्या, "मानसाच्या हातून चूक हुती, मॅडम. त्यांला तरी कुठं वळखू आलं, सोताचा पाय असून? त्याचं मी तुमाला काय म्हनत न्हाई. पर ही तीन वर्सं? ही मी कुनाकडं मागू?"

क्षमा मागावी असं मनात होतं, पण तो शब्द त्यांच्यासमोर फार लहान वाटला. मामींनी पदराला हात पुसले, उठल्या, चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चला."

"कुठे?"

"वाडीत. मला एकलीला सांगून काय उपेग? मला कोन इच्यारतंय."

त्या पुढे आणि मी मागे. पहिलं घर त्यांच्या जावेचं. मामी उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम काय सांगत्यात ते ऐका." मी सांगितलं. जाऊ कधी माझ्याकडे तर कधी मामींकडे बघत राहिली. दुसऱ्या घरी सांगितलं, तिसऱ्या घरी सांगितलं. चौथ्या घरी एक गडी जेवत होता, तो हात तसाच धरून ऐकत बसला. कुठे कुणी पाणी दिलं, कुठे दिलं नाही. एका घरातून मागून कुणीतरी म्हणालं, "आन् आता सांगताय व्हय?" मामी एका घरातून निघाल्या की पुढच्या घराकडे वळत होत्या, एकही दार चुकवत नव्हत्या.

सहाव्या-सातव्या घरापर्यंत माझ्या जिभेला सवय झाली होती. शब्द सोपे होत चालले होते आणि कमीही. तिथे ओट्यावर एक म्हातारी वाती वळत बसली होती. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "आजी, मामा बिब्यानं गेले नाहीत. जंतूच्या विषानं गेले. मामींची काही चूक नव्हती." म्हातारी "अगं माय" म्हणाली आणि मामींकडे बघून तिनं मान हलवली. झालं, असं वाटून मी वळले.

मामी जागच्या हलल्या नव्हत्या.

"पुरं सांगा," त्या म्हणाल्या.

मी म्हातारीशेजारी ओट्यावर बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले, की सोमवारी दुपारी मामा लंगडत माझ्याकडे आले होते आणि त्यांचा पाय मी पाहिला होता.